कारभार आणि अधिकार : स्त्रियांच्या आत्मचरित्रांतील दांपत्याचा जमाखर्च

मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांसंबंधी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात समाजसुधारणा, स्त्रीशिक्षण, धर्मांतर, पतिनिष्ठा आणि निवेदनातील साधेपणा ह्या विषयांना भरपूर जागा मिळाली आहे. घरातील पैशाला ती मिळालेली नाही. पैशाचा विचार वाङ्मयविचाराच्या पायरीखालचा आहे, असा एक अस्पष्ट समज ह्यामागे असावा. वास्तविक ही पुस्तके उघडून कोणी पाहू लागला, तर पगार, उसनवारी, दागिने, किराणा, वर्गणी, विमा आणि देणगी ह्यांचे उल्लेख त्यांत जागोजाग आढळतात. आणि पतिपत्नींमध्ये उडालेले खटके बारकाईने तपासले, तर त्यांतील पुष्कळांचे मूळ तत्त्वभेदात नसून खर्चाच्या निर्णयात सापडते. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक आणि आनंदीबाई कर्वे ह्या तिघींची पुस्तके ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. त्यांच्याजोडीला कौसल्या बैसंत्री ह्यांचे 'दोहरा अभिशाप' हे पुस्तकही घ्यावयास हवे. ते हिंदीत आहे हे खरे. परंतु लेखिकेची मातृभाषा मराठी, जन्म नागपूरचा, आणि पुस्तकाचा सर्वांत सरस भाग नागपूरच्या एका कामकरी वस्तीचा आहे. एवढ्या आधारावर मराठी अभ्यासकाने त्यावर हक्क सांगण्यास हरकत नसावी.

आरंभी दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. घरचा कारभार पाहणे ही एक गोष्ट आणि घरच्या द्रव्यावर अधिकार असणे ही दुसरी. कारभार म्हणजे मिळालेल्या रकमेत महिना निभावून नेणे : वाण्याचे देणे, दुधाचा रतीब, पाहुण्यांची सोय, मुलांचे कपडे. अधिकार म्हणजे घरात किती आले हे माहीत असणे, त्यातून कारभारासाठी किती काढावयाचे हे ठरविणे आणि प्रसंगी 'नाही' म्हणता येणे. इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ जॅन पाल ह्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या 'मनी अँड मॅरेज' ह्या ग्रंथात हाच भेद धरून विवाहितांच्या अर्थव्यवहाराचे वर्गीकरण केले. अर्थशास्त्रज्ञ त्यापूर्वी कुटुंबाला बहुधा एकच डोके असलेली व्यक्ती समजून चालत. अमर्त्य सेन ह्यांनी १९९० साली कुटुंबातील संबंधांना सहकार्य आणि संघर्ष ह्यांचे मिश्रण म्हटले, तेव्हापासून ते गृहीतक बरेच ढिले झाले आहे. परंतु हा भेद समजून घेण्यासाठी पाश्चात्त्य ग्रंथांपर्यंत जाण्याची तरी काय गरज आहे? आपल्या धर्मशास्त्रात तो उघड्या विसंगतीच्या स्वरूपात नांदत आलेला आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पतीने पत्नीस धनाच्या संग्रहाच्या आणि व्ययाच्या कामी नेमावे असे सांगितले आहे, आणि पाचव्या अध्यायात तिने खर्चाला हात सैल सोडू नये अशी ताकीद दिली आहे. त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायात भार्या, पुत्र आणि दास हे तिघे निर्धन होत, त्यांनी मिळविलेले ते ज्याचे असतील त्याचे होय, असेही वचन आहे. म्हणजे कारभार दिला, जबाबदारी दिली, काटकसरीचे वळण दिले. मालकी तेवढी दिली नाही. ह्याउलट आपस्तंबाच्या धर्मसूत्राची भूमिका. पतिपत्नींमध्ये विभाग संभवत नाही. पाणिग्रहणापासून कर्मांत, पुण्यफलात आणि द्रव्याच्या संपादनातही ती दोघे सह असतात. आणि पती बाहेरगावी असताना पत्नीने प्रसंगी काही दान केले, तर ती चोरी ठरत नाही, असे तेथे म्हटले आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायात स्त्रीला यज्ञाचा अधिकार आहे की नाही ह्याची चर्चा येते, तेथेही पूर्वपक्षाचा आक्षेप पैशाचाच आहे : स्त्रीजवळ द्रव्य नाही, मग तिने यज्ञ कशाच्या बळावर करावा? सिद्धांतपक्ष हा आक्षेप फेटाळतो. तिला द्रव्य आहे आणि पतीबरोबर तिचा अधिकार आहे असे प्रतिपादितो. पुढच्या काळात व्यवहारात जिंकला तो मनूच्या आठव्या अध्यायातील पक्ष. तरीही आपस्तंबाचे वचन येथे ध्यानात ठेवावयास हवे, कारण द्रव्य दोघांचे असेल तर दानही दोघांचे असले पाहिजे, असा जो निष्कर्ष त्यातून निघतो, त्याचीच कसोटी एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या घरांत लागली.

रमाबाई रानडे ह्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) ह्या पुस्तकात कारभार शिक्षणाचा विषय होऊन येतो. १८७३ साली विवाह झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, आणि न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे. अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत त्यांचे शिक्षण पतीच्या हाताखाली झाले, आणि त्या शिक्षणाचाच एक भाग म्हणून नाशिकच्या वास्तव्यात घरखर्चाचा हिशेबही त्यांच्याकडे आला. पैसे हाती द्यावे, रोजचा खर्च लिहावयास सांगावा, तोंडमिळवणी करून घ्यावी, चुकले तर रागावू नये पण सोडूनही देऊ नये : ही पद्धत न्यायमूर्तींच्या स्वभावाशी सर्वस्वी सुसंगत होती. ज्या गृहस्थाने देशाच्या दारिद्र्याची मीमांसा केली, त्याला आपल्या घरातील जमाखर्चही नियमाने चालावा असे वाटणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. पत्नीवर विश्वास टाकून तिला हिशेबी करणे ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हती. पुढे १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाच्या कामात रमाबाईंनी जी संस्थाचालकाची दृष्टी दाखविली, तिचा पाया ह्या वहीत घातला गेला असे म्हणता येईल.

तथापि ह्या वहीची मर्यादाही दिसते. रमाबाईंचा हिशेब वर पाठवावयाचा आहे. तो तपासणारा दुसरा आहे. मिळकतीचा मोठा ओघ कोठे वळवावा, कोणत्या सार्वजनिक कार्यास किती द्यावे, कोणत्या आप्ताचा भार किती उचलावा, ह्या प्रश्नांवर पत्नीचे वेगळे मत असू शकेल, ही कल्पनाच त्या निवेदनात शिरत नाही. पतीचा उल्लेख रमाबाई 'स्वतः' असा करतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. मूळची ही नम्रतेची रूढी. पण जमाखर्चाच्या संदर्भात ती वाचताना थोडे थबकावयास होते. ज्या घरात 'स्वतः' हा शब्द पतीकडेच राहतो, तेथे पत्नीचे खाते कोणत्या नावाने उघडावे?

लक्ष्मीबाई टिळकांनी पतीला 'टिळक' म्हटले. १९३४ सालापासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'ची भाषा येथपासूनच निराळी आहे. आडनावाने उल्लेख केल्याबरोबर नवरा समोरच्या खुर्चीवर येऊन बसतो. त्याच्याकडे पाहता येते, त्याचे मोजमाप घेता येते. 'स्मृतिचित्रां'च्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते बहुतेक योग्यच आहे. पण त्या विनोदाचा विषय कोणता, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. हा ग्रंथ वाचून मराठी वाचक टिळकांच्या व्यवहारशून्यतेला हसला, कवी असाच असावयाचा म्हणून त्याने ती कौतुकाने पोटात घातली, आणि लक्ष्मीबाईंच्या सोशिकपणाला त्याने नमस्कार केला. ह्या वाचनात ग्रंथाचा निम्मा अर्थ निसटतो.

लक्ष्मीबाईंची नजर घडली ती माहेरी. त्यांचे वडील सोवळ्याच्या अतिरेकाने पछाडलेले होते. बाजारातून येणारा जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसे, आणि मीठही ह्या नियमातून सुटत नसे. मीठ धुतले म्हणजे त्याचे काय होते हे सांगावयास नको. बाहेरच्या लोकांनी त्या घरी कर्मठ धर्मनिष्ठा पाहिली असेल. घरातल्या मुलीने पाण्याबरोबर वाहून जाणारे मीठ पाहिले. पुरुषाचे तत्त्व स्वयंपाकघरात पोहोचल्यावर त्याचे काय रूप होते, हे पाहण्याची जी सवय तेथे लागली, ती पुढे आयुष्यभर टिकली. वडिलांचे तत्त्व शुद्धीचे होते आणि टिळकांचे औदार्याचे. नैतिक दृष्ट्या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. डब्यांच्या फळीवरून पाहिले तर ते अंतर बरेच कमी होते.

१८८० साली लक्ष्मीबाईंचा विवाह झाला. त्यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे गावे बदलण्याची, नोकऱ्या धरण्यासोडण्याची एक लांबलचक मालिका आहे. तीतील नागपूरचा टप्पा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टिळक नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयास होते. संस्कृत धर्मग्रंथांच्या अभ्यासाचे व भाषांतराचे काम त्यांच्याकडे होते, आणि 'ऋषी' हे नियतकालिकही त्यांनी ह्याच काळात चालविले. टिळकांच्या चरित्रात हा काळ विद्वत्तेचा आणि धर्मचिंतनाचा म्हणून नोंदला जातो, कारण येथून राजनांदगावला जाताना आगगाडीत झालेल्या एका भेटीतून त्यांच्या हाती बायबल आले आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चरित्रकाराला ही रूपरेषा पुरेशी वाटते. पत्नीच्या बाजूने तीच हकीकत पाहिली म्हणजे तिचा रंग बदलतो. आश्रयावर चालणाऱ्या घराचे उत्पन्न पगारासारखे बांधलेले नसते. आश्रयदात्याची मर्जी, आश्रिताचा मानीपणा आणि विद्वानांच्या मंडळीत मिळणारी वाहवा ह्यांवर ते चढते उतरते. अशा घरात पुढच्या महिन्याचा अंदाज बांधणे अशक्य, आणि पतीने मानापमानावरून काम सोडावयाचे ठरविले तर तो निर्णय पत्नीला कळतो तो घेतल्यानंतर. नाशिक जिल्ह्यातून इतक्या दूर आलेल्या स्त्रीला उसने मागावे तर जवळ नात्याचे माणूसही नाही. नागपूरने टिळकांना प्रतिष्ठा दिली, हे इथल्या वाङ्मयीन इतिहासात अभिमानाने सांगितले जाते. ते सांगताना त्या प्रतिष्ठेचा घरखर्च कोणी चालविला, हेही सांगावयास हवे.

टिळकांच्या दातृत्वाच्या कथा ग्रंथभर विखुरलेल्या आहेत. दाराशी आलेला मनुष्य विन्मुख जाऊ नये, हातात असेल ते द्यावे, उद्याची चिंता करू नये, हा त्यांचा स्वभावधर्म होता. घरात हवी असलेली वस्तू आणावयास गेलेले टिळक मनास भावलेली दुसरीच वस्तू घेऊन येतात आणि तिच्या सौंदर्यावर बोलू लागतात. लक्ष्मीबाई हे प्रसंग सांगतात ते तक्रारीच्या सुरात नव्हे. त्या फक्त क्रम बिघडू देत नाहीत : घरात काय नव्हते, कशासाठी पैसे दिले, काय आले, आणि त्या दिवशी जेवणाचे काय झाले. वाचक हसतो तो ह्या क्रमामुळे. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक ही जमाखर्चाची जी रीत, तीच ह्या विनोदी प्रसंगांची रचना आहे. टीका करणारे विशेषण त्यांत क्वचितच सापडेल. हिशेबनीस विशेषणे वापरीत नाही. तो रक्कम लिहितो आणि गप्प बसतो. लक्ष्मीबाईंच्या शैलीच्या अलंकरणशून्यतेची जी कारणे सांगितली जातात, त्यांत औपचारिक शिक्षणाचा अभाव हे कारण वारंवार दिले जाते. ते अपुरे आहे. ज्या स्त्रीला संसारात खर्चाचा निर्णय घेता आला नाही, तिने लेखनात त्याची नोंद ठेवली, आणि नोंदीला जी कोरडी अचूकता लागते ती तिच्या गद्यात उतरली, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. हा ग्रंथ टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) पंधरा वर्षांनी प्रसिद्ध होऊ लागला. हिशेब एकाच बाजूने लिहिला गेला आहे. दुसऱ्या बाजूस आपले म्हणणे मांडण्याची संधी नाही. टिळक हे केवळ उधळे गृहस्थ होते, अशी समजूत कोणाची झाल्यास ती अन्यायाची होईल. त्यांनी पैसा स्वतःच्या चैनीवर उडविला नाही. पत्नीने लिहावे, कविता करावी, लोकांत वावरावे, म्हणून ज्या पुरुषाने आग्रह धरला, तोच हा पुरुष. आणि लक्ष्मीबाई हे काहीही लपवीत नाहीत. त्यांचा आक्षेप देण्याला नव्हताच. ह्याचा उत्तम पुरावा म्हणजे १८९९–१९०० च्या दुष्काळाच्या वेळची हकीकत. त्या सुमारास नगरला टिळकांच्या घरी अनाथ मुले येऊन राहिली. त्यांचे खाणेपिणे, आजारपण, न्हाणेधुणे सगळे लक्ष्मीबाईंच्या अंगावर पडले. एरवी शिलकीकडे डोळा ठेवून असलेली ही बाई तेथे हात आखडताना दिसत नाही. त्या मुलांचा उल्लेख खर्चाची बाब म्हणून येत नाही, घरची माणसे म्हणून येतो. कारण हे दान तिच्या हातून झाले आहे. त्याचे कष्ट तिचे, तसा त्याचा निर्णयही तिचा. आपस्तंबाने सांगितलेले सहत्व 'स्मृतिचित्रां'त जर कोठे पूर्णपणे प्रत्यक्षात आले असेल, तर ते ह्या दुष्काळाच्या घरात, जिथे शिल्लक सर्वांत कमी होती.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याच्या कार्यास वाहून घेतले. आयुष्यभराच्या अनुभवाने लक्ष्मीबाई आता पतीचे हे वळण पुरते ओळखून होत्या. उतारवयातील हा त्याग ख्रिस्ती संतपरंपरेच्या संदर्भात थोर ठरतो; संसाराच्या संदर्भात तो नागपूरच्या आश्रयत्यागाचीच मोठी आवृत्ती आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि ती एकत्र धरून ठेवण्याची ताकद ह्या ग्रंथात आहे. पुष्कळ समीक्षकांत ती आढळली नाही.

आनंदीबाई कर्वे ह्यांचे 'माझे पुराण' (१९४४) वाङ्मयगुणांत 'स्मृतिचित्रां'च्या जवळ येत नाही; त्याची बांधणी सैल आहे, आणि काही प्रकरणे तर निव्वळ टिपणे आहेत. पण प्रस्तुत प्रश्न त्यात अधिक उघडेपणाने आलेला आहे. १८९३ साली विधवा गोदूबाईंशी विवाह करणारे धोंडो केशव कर्वे हे उधळे तर नव्हेतच, उलट पैपैचा हिशेब ठेवणारे गणिताचे प्राध्यापक. १८९६ साली स्थापन झालेल्या अनाथ बालिकाश्रमाला त्यांनी आपली मिळकत आणि आपले श्रम वाहिले, आणि आयुर्विम्याचा कागदही आश्रमाच्या नावे करून दिला. कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'त (१९१५) ह्याची नोंद अत्यंत निरहंकारपणे येते. आनंदीबाईंच्या बाजूने हा विम्याचा कागद म्हणजे तीन मुलांचे उद्या होते. त्या रुसल्या, बोलल्या, आणि मग स्वतः कमावण्याच्या मार्गास लागल्या : सुइणीचे शिक्षण घेणे, आश्रमासाठी वर्गणी जमविण्यास फिरणे, मिळेल ते काम करणे. व्यवस्थितपणाने केलेला त्याग हा अव्यवस्थितपणाने केलेल्या त्यागापेक्षा घराला कमी जड जातो, असे नाही, हे 'माझे पुराण' वाचून कळते. टिळकांच्या घरी शिल्लक किती ते कोणालाच माहीत नसे. कर्व्यांच्या घरी ते अचूक माहीत असे, आणि ती शिल्लक दुसऱ्या वहीत गेलेली असे.

सुधारणेच्या इतिहासात ह्या देणग्या पतीच्या नावे लिहिल्या गेल्या. हिंगण्याच्या संस्थेचा इतिहास सांगताना आनंदीबाईंचा गौरव सहधर्मचारिणी म्हणून होतो. देणगीदार म्हणून होत नाही. परंतु विम्याचा कागद गेल्यामुळे ज्या सुरक्षिततेला मुकावे लागले ती मुख्यतः त्यांची होती, कारण विम्याचा लाभ घेण्यास मागे राहणारी व्यक्ती विमेदार खचितच नसते. दान कोणी केले, हा प्रश्न अशा वेळी केवळ भावनेचा राहत नाही.

कायदाही ह्या स्त्रियांच्या मदतीला उभा नव्हता. विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची, असे सांगणारा कायदा हिंदुस्थानात १८७४ साली झाला. पण विवाहाच्या वेळी जी स्त्री अथवा जिचा पती हिंदू असेल, तिला तो लागू नाही असे त्याच कायद्यात लिहिले होते. म्हणजे १९०० साली ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईही, १८८० साली हिंदू पद्धतीने लग्न झाल्यामुळे, त्याच्या बाहेरच राहिल्या. पत्नीच्या लाभासाठी म्हणून उतरविलेल्या विम्यास संरक्षण देणारे त्यातील कलम हिंदूंना सर्वत्र लागू झाले ते १९२३ च्या दुरुस्तीने. आनंदीबाईंची तक्रार त्याच्या कितीतरी आधीची. राहता राहिले स्त्रीधन. पण दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा बंदिवासात पतीने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे नाही, अशी मुभा याज्ञवल्क्याने देऊन ठेवलेली आहे. धर्मकार्यासाठी! टिळक आणि कर्वे ह्या दोघांचीही जुन्या धर्मशास्त्राशी फारकत झाली होती. हे एक वचन मात्र त्यांच्या घरी नकळत पाळले गेले असे दिसते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली, तेव्हा ह्या तिघींपैकी कोणीही हयात नव्हत्या.

आतापर्यंतच्या तिन्ही घरांत नवरा देणारा होता. 'दोहरा अभिशाप' (१९९९) ह्या पुस्तकात न देणारा नवरा येतो, आणि त्यामुळे वर मांडलेला भेद पडताळून पाहण्याची सोय होते. कौसल्या बैसंत्री ह्यांचा जन्म १९२६ सालचा, नागपूरच्या खलासी लाइन ह्या अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतील. आईवडील दोघेही १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला. पुस्तकाचा पूर्वार्ध ह्या दोन माणसांच्या संसाराचा आहे. मुली पुष्कळ, घर लहान, वस्तीतील लोकांची टोचणी रोजची. तरीही मुलींना शिकवावयाचे, हे दोघांनी ठरविले. जाईबाई चौधरींच्या सांगण्याने मुली शाळेत गेल्या. पुढे सीताबर्डीवरील शाळेची फी भरण्याची वेळ आली तेव्हा ती कशी उभी करावयाची, ह्याचा विचार दोघांनी केला. आईने गिरणीच्या पाळीखेरीज किरकोळ विक्रीची कामे अंगावर घेतली, आणि वडिलांनी घरकामाला हात लावण्यात कमीपणा मानला नाही. ह्या घरात कारभार एकाचा आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी वाटणी दाखविता येत नाही. दोन मजुऱ्या घरात येतात आणि दोघांच्या डोळ्यांसमोर खर्च होतात. गरिबीचे गोडवे गाण्याचा हेतू येथे नाही. इतक्या थोड्या पैशात लपविण्यासारखे काही उरत नसते, हेही एक कारण असू शकेल. तरी मुलींची फी ही तातडीची गरज नव्हती. ती उद्याची गुंतवणूक होती, आणि अशी गुंतवणूक सहमतीशिवाय वर्षानुवर्षे चालू राहत नाही.

त्याच घरची शिकलेली मुलगी सुशिक्षित, सरकारी अधिकारपदावरील, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्या गृहस्थाशी विवाह करते. उत्पन्न आईच्या घरापेक्षा किती तरी अधिक, आणि ते सर्व पतीच्या मुठीत. घरातल्या जिन्नसांनाही कुलूप, खर्चाला मोजून मिळणारे पैसे, आपल्या गरजेसाठी पुन्हा पुन्हा मागण्याची पाळी, आणि अखेरीस पोटगीसाठी न्यायालयाची पायरी. लेखिका हे सांगते तेव्हा तिची भाषा उघडपणे संतापाची आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद तिला परवडणारा नाही. वाङ्मय म्हणून उत्तरार्ध पूर्वार्धाहून फिका पडतो, ह्यात शंका नाही. घटना त्रोटक होतात, व्यक्ती सपाट होतात, आणि ज्या नजरेने खलासी लाइनमधील प्रत्येक झोपडी पाहिली ती नजर दिल्लीच्या सरकारी घरात मिटल्यासारखी होते. परंतु ह्या त्रोटकपणाचे एक कारण विषयातच आहे. ज्या घरात काय येते आणि काय जाते हे कळू दिले जात नाही, त्या घराचे तपशीलवार वर्णन तरी कसे करावे? लक्ष्मीबाईंना निदान रिकामे डबे दिसत होते. येथे डबे भरलेले, आणि किल्ली दुसऱ्याच्या कंबरेला.

टिळकांचा सैल हात आणि ह्या पतीची बंद मूठ ह्यांची नैतिक बरोबरी कोणीही करणार नाही. पत्नीच्या अधिकाराच्या दृष्टीने मात्र दोन्ही घरांतील प्रश्न एकच राहतो : तिला विचारले गेले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर चारही पुस्तकांत शोधले, तर सुधारकांची घरे आणि मजुरांचे घर ह्यांविषयीच्या आपल्या रूढ कल्पना बऱ्याच हलतात. रमाबाईंना शिकविले गेले, लक्ष्मीबाईंना मागाहून सांगितले गेले, आनंदीबाईंच्या रुसण्यानंतर समजूत काढली गेली, कौसल्याबाईंना सांगितलेही गेले नाही. विचारले गेले ते खलासी लाइनमधील त्या आईला. तिने स्वतः काही लिहून ठेवले नाही. तिचा हिशेब मुलीच्या पुस्तकातून, आणि तोही शाळेच्या फीच्या निमित्ताने, आपल्यापर्यंत पोहोचतो. नागपूरच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या संसाराविषयी अशी आणखी कथने ह्या शहरात, बोलीत आणि स्मरणात, अजून सापडू शकतील. एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. तेथे काम केलेल्या स्त्रियांपैकी ज्या हयात आहेत त्यांचे वय पाहता हे संकलन लवकर हाती घ्यावयास हवे, आणि त्यांना विचारावयाच्या प्रश्नांत पगाराचे पाकीट प्रथम कोणाच्या हाती पडत असे, हा एक प्रश्न अवश्य असावा.